लाल गोंड्याची बोट

बॅरेजची दारं खाली पडली की तापी फुगते, आणि आमच्या गावात ते आधी नाकाला कळतं. वाहत्या पाण्याला वास नसतो, अडलेल्या पाण्याला असतो. ओल्या गोणपाटासारखा, थोडा शेवाळाचा, थोडा कुजक्या जलपर्णीचा. त्यात कपाशीच्या वेचणीची धूळ मिसळते, केळीच्या कापलेल्या घडाचा चीक मिसळतो, आणि मार्गशीर्ष लागला की सारंगखेड्याच्या यात्रेतून वाऱ्यावर घोड्यांच्या लिदीचा वास येऊन बसतो. बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावेल. आमच्याकडे पोरंसोरं या वासावर नवे कपडे मागतात. मला मात्र गेली काही वर्षं तो आला की दाढ ठणकल्यासारखं होतं. दाढ निदान काढता येते. नाक कुठे काढून ठेवायचं?

मी थोडं वाढवून सांगतो असं गावात म्हणतात. हे खोटं आहे. मी बरंच वाढवून सांगतो. दोन बिघे केळी आणि एक चहाची टपरी एवढ्यात माणसानं आयुष्य काढायचं, तर वाढवून सांगण्याशिवाय भागत नाही. त्या हंगामाची थंडीच घ्या. सकाळी गाईला पिळायला बसलो तर धार भांड्यापर्यंत पोचायचीच नाही. अर्ध्यात थिजायची, मग बोटानं मोडून घ्यावी लागायची. टपरीवर एकजण म्हणाला, काहीही फेकतो. मी म्हटलं, तुमच्या गाईचा गोठा बंदिस्त, तुम्हाला काय कळणार.

तर तो हंगाम. बापूंचं डावं अंग गेलं त्याच्या पुढच्या वर्षीचा.

बापू म्हणजे माझे वडील. तापीकाठच्या दहा गावांत घोड्याची पारख त्यांच्याइतकी कुणाला नाही. यात्रेत ते रांगेतून नुसते चालत गेले की घोडी आपण होऊन दात दाखवायची, असं मी सांगतो. व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे, आणि बापूंनी खोकला काढला की रुमालाखालची बोटं आखडायची. घोड्याच्या अंगावरचे भोवरे, कपाळाचा टिळा, मानेची कमान, टापेचा आवाज, हे सगळं ते आधी बघायचे. वय, दात, किंमत हे नंतरचं. "जातवान शे का नही, ते पहिले देखो," म्हणायचे, "बाकी खुराकवर व्हस."

आमची स्वतःची एक घोडी होती. राणी. तांबडी, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. यात्रेच्या मुख्य दिवशी बापू तिला सजवायचे, कपाळावर लाल लोकरीचा गोंडा बांधायचे, आणि मग चार लोकांसमोर तिचा लगाम एकाच्या हातात द्यायचे. ही आमच्या घरची रीत. बापूंनाही त्यांच्या वडलांनी असाच दिला होता. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही, पण बघणाऱ्यांना कळायचं की या घराचा पुढचा माणूस हा. शेताच्या उताऱ्यावर कुणाचंही नाव असो, गाव लगाम लक्षात ठेवतं.

लगाम दर वर्षी विलासदादाकडे जायचा. माझा मोठा भाऊ. तो शिकायला पुण्याला गेला, तिथेच इंजिनिअर झाला, तिथेच फ्लॅट घेतला, तरी यात्रेच्या दिवशी गाडीतून उतरून थेट लगाम धरायचा. मी तिच्या दाणा-चंदीचा तोबरा घेऊन मागे. वर्षभर राणीला खरारा मी करायचो, तिचं पोट फुगलं तर रात्र तिच्याजवळ मी काढायचो, आणि यात्रेच्या दिवशी तिच्या शेपटीचा फटका खात मागून मी चालायचो. बापू दादाला नावानं हाक मारायचे, विलास. मला धाकला. मलाही बारशाला एक नाव ठेवलं होतं, असं ऐकून आहे.

बापूंना झटका आला आणि राणी विकली गेली. व्यवहार त्यांनी खाटेवरून फोनवर दादाशी ठरवला. मला दारात ट्रक आला तेव्हा कळलं. तोबरा मात्र मीच आणून दिला. ते खातं माझं. गोंडा तेवढा बापूंनी ठेवून घेतला.

नंतरचं वर्ष बापू बोलायचे बंद झाले. वाचा परत आली होती, पण वापरत नव्हते. खाट उन्हात घ्या, खाट सावलीत घ्या, एवढंच. दिवाळीनंतर पाणी अडलं तसं मी त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून काठावर नेऊन बसवायचो. समोर एवढं मोठं पाणी, गुजरातेत पोचेल असं पसरलेलं, आणि बापू त्याच्याकडे असे बघायचे की पाण्यानंच त्यांचं काही उचलून नेलंय. एक दिवस मी त्यांच्याशेजारी दगडावर बसून मोबाइल चाळत होतो. त्यात एक हातभर लांबीची बोट पाणी फाडत निघाली होती, आणि काठावर उभा कुणीतरी ती हातातल्या रिमोटनं वळवत होता. बापूंची मान वळली.

"हाई काय शे?"

वर्षभरातला पहिला प्रश्न. मी दगडावरून घसरलोच.

"बोट शे बापू. बॅटरीवर पळस. रिमोट हातमा, बोट पाण्यामा."

"लगाम बिगर?"

"लगाम हवामा ऱ्हास."

त्यांनी मान परत पाण्याकडे वळवली. मला वाटलं संपलं. मग म्हणाले, "दुसरी दखाड."

त्या दुपारी आम्ही बाजारातल्या सगळ्या बोटी बघितल्या. मी मोटार कुठली, बॅटरी किती, लांबी केवढी, पाण्यात किती लांबवर रिमोट पोचतो, हे वाचून दाखवत होतो. पहिल्यांदा घेणाऱ्यानं लांब बोट घ्यावी, आखूड बोट लाटेवर उड्या मारते, मोटार बिनकार्बनची, म्हणजे आत घासणारे कार्बनचे तुकडे नसलेली असावी, असं जाणते लोक सांगत होते. बापू ऐकत नव्हते. ते फोटो मोठा करायला लावत होते.

"काळी नको. तिना डोळाखाले थेंब देख. आसूढाळ. धनीले रडावस."

तो थेंब म्हणजे चिकटवलेली जाहिरात होती. पण आसूढाळ तो आसूढाळ. डोळ्याखाली भोवरा असलेलं घोडं आमच्याकडे फुकट दिलं तरी कुणी दारात बांधत नाही.

"ही पिवळी?"

"मान आखूड."

"ही निळी? हिनी मोटार जबरी शे बापू, सगळा हाईच ल्या म्हणतस."

"छाती नही तिले."

मग एक लाल आली. नाकावर पांढरा पट्टा, चार कोपऱ्यांना पांढरे ठिपके. बापूंचा उजवा हात मांडीवरून उठला.

"पंचकल्याणी! हाईच."

मोटार जुन्या धर्तीची, कार्बनवाली. बॅटरी काडेपेटीएवढी. खाली लोकांनी लिहिलं होतं की ही बोट लहान मुलांच्या टबात बरी. मी सगळं वाचून दाखवलं.

"जातवान शे," बापू म्हणाले. "खुराक दिधा का पळी."

आणि त्यांचं अर्धं तोंड हसलं. जे हसू शकत होतं ते. त्यानंतर मी कशाला काय वाचू?

बोट आली. पाण्यात सोडली. आता वेगाचं काय सांगू! एक पाणकोंबडी मागून आली, हिला ओलांडून पुढे गेली, थांबली, मागे वळून बघितलं, आणि कीव येऊन परत आली. मधेच मोटारीला धाप लागली आणि बोट उभी राहिली. काठावर धुणं धूत असलेली माझी बायको म्हणाली, "हिनापेक्षा मन्हा भाकरना डबा जोरमा जाई ओ." मी बापूंकडे बघितलं. ते बोटीकडे बघत होते, शिंगरू पहिल्यांदा उभं राहताना बघावं तसे.

"खुराक वाढाव," म्हणाले.

तिथून ते दिवस सुरू झाले. अजून डोळे मिटले तर ते दिवस वासासकट येतात. झाळण्याच्या कथलाचा गोडसर धूर, पंख्याच्या दांड्याला लावायचं ग्रीस, ओल्या वायरी, आणि बापूंच्या अंगाला रोज चोळायचं तेल. मी कार्बनची मोटार काढून बिनकार्बनची बसवली. ती झिजत नाही, पण पिते भयंकर. म्हणून वेग सांभाळणारं यंत्र तापलं. ते मोठं आणलं, आणि नदीचंच पाणी बारीक नळीनं आत घेऊन त्याच्या अंगावरून फिरवून बाहेर सोडलं. मग बॅटरी पुरेना. मोठी बॅटरी आली. ती चार्ज होताना पेटू शकते असं कळलं, तेव्हा मी बायकोचा खरोखरच भाकरीचा डबा घेतला आणि वाळू घालून तिला त्यात ठेवली. त्यावरून घरात जे पेटलं ते बॅटरीपेक्षा मोठं होतं. मग मोठ्या बॅटरीच्या जोरानं प्लास्टिकचा पंखा वाकला. धातूचा आणला, तर दांडा थरथरायला लागला. एक बदललं की दुसरं मागायचं.

"घोडी तशीच ऱ्हास," बापू खुर्चीतून म्हणायचे. "चंदी वाढाई का नाल बदलना पडस. नाल बदला का चाल बदलस."

बोलायला लागले होते. शिव्या द्यायला लागले होते. शेजारच्यांना हाका मारून बोलवायला लागले होते. डॉक्टरनं औषधाची जी बाटली दिली होती ती मी पुढेमागे पाण्यात फेकली असती तरी चाललं असतं, असं मी तेव्हा टपरीवर सांगायचो, आणि त्यात फार वाढवलेलं नव्हतं.

रिमोटचा घाट असा की एका हातानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं घोडा दाबायचा. बंदुकीच्या चापासारखा असतो तो, म्हणून आम्ही त्याला घोडाच म्हणायचो. चाकानं दिशा, घोड्यानं वेग. बापूंना एकच हात. म्हणून मी खुर्चीच्या दांडीला लाकडी ठोकळा बसवून रिमोट त्यावर फिरकीच्या स्क्रूनं आवळला. चाकावर बापूंचा उजवा हात, आणि घोड्यावर माझं बोट. मला त्यांच्या खुर्चीला बिलगून, वाकून उभं राहावं लागायचं. त्यांची दाढी माझ्या कानाला टोचायची. मी चाळिशीला आलो होतो. आयुष्यात बापूंच्या इतक्या जवळ मी कधी उभा राहिलो नव्हतो. ते वळण घ्यायच्या आधी श्वास रोखायचे. तो रोखला की मी घोड्यावरचं बोट सैल करायचो. बोट वळली की ते श्वास सोडायचे, मी पुन्हा दाबायचो. काही दिवसांनी आम्हाला बोलावंही लागेना.

बोट आता पळत होती. किती? आवाज नंतर यायचा, बोट आधी. मासे आमचं गाव सोडून प्रकाशा गावाकडे राहायला गेले. पण खरं सांगायचं तर मागे एवढं वजन झालं होतं की पूर्ण जोर दिला की नाक वर यायचं. मी मासेमारांच्या जाळ्याचं शिसं नाकात बसवलं, तरी मला ठाऊक होतं: घोडा निम्मा दाबायचा, बोट पाण्यावर बसली की मग हळूच वाढवायचा. एकदम दाबला तर ती मागच्या मागे उलटी होणार. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. माझ्या बोटाला कळायचं. खराऱ्याच्या हाताला जसं राणीचं अंग कळायचं तसं.

एकदाच चुकलो. केळीवाल्याचा ट्रक आला म्हणून मान वळवली, घोडा सैल करायला उशीर झाला, आणि बोट जलपर्णीत घुसली. पंख्याला देठं गुंडाळली. मी उतरून काढली. बापूंनी दिवे लागेपर्यंत बोट मांडीवर घेऊन पंखा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "तुले तोबराच बरा व्हता."

हे मी टपरीवर सांगितलं नाही.

यात्रा लागली. राजस्थानातून, पंजाबातून घोड्यांचे ट्रक यायला लागले. रस्त्यावर हरभऱ्याची टरफलं, भज्यांचा धूर, भोंगे, नाचणाऱ्या घोड्यांसमोर ढोल. आणि आमच्या काठावर वेगळीच गर्दी. बापूंकडे पिढ्यान् पिढ्या येणारे व्यापारी, फेटेवाले, मिशावाले, दत्ताच्या पाया पडून थेट आमच्याकडे यायचे. "बापू, औंदा कोणती घोडी?" बापू पाण्याकडे बोट दाखवायचे. "ती देख. लाल. राणी." आणि ते मिशावाले, ज्यांनी हजार घोडी बघितली, ते तोंड उघडं टाकून बघायचे.

मुख्य दिवसाच्या सकाळी बापू म्हणाले, "गोंडा लई ये."

मी माळ्यावर चढलो. डांबराच्या गोळ्यांच्या वासात, जुन्या खोगिराखाली तो गोंडा होता. त्यात अजून राणीचे चार केस अडकलेले होते. खाली आणला. बापूंनी तो रिमोटच्या मुठीला बांधायला घेतला. एका हातानं गाठ पडेना, म्हणून दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं, आणि दुसऱ्या टोकावर मी बोट ठेवलं. गाठ बसली. बायको चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तिलाही तेच वाटलं होतं जे मला वाटलं. मी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला.

दुपारी काठावर ही गर्दी. मी बोट पाण्यात सोडली, हात पुसत वर आलो, आणि रस्त्यावर गाडी थांबली. विलासदादा उतरला. काळा चष्मा, पांढरे बूट.

"अरे वा! हे काय काढलंय बापू? मस्त आहे की!"

बापूंनी ठोकळ्यावरचा रिमोट सोडायला सांगितला. मीच सोडला, फिरकी घट्ट होती, दुसऱ्या कुणाला जमली नसती. बापूंनी तो उजव्या हातात घेतला, गोंडा नीट समोर आणला, सगळ्या मिशावाल्यांकडे एकदा बघितलं, आणि म्हणाले, "विलास. धर."

दादानं धरला. लोक म्हणाले, व्वा.

"दादा," मी म्हटलं, "निम्माच दाब. नाक वर येस तिनं."

"आरे, त्याले काय शिकाडी ऱ्हायनास?" बापू म्हणाले. "इंजिनेर शे तो."

दादानं पूर्ण दाबला. राणी मागच्या पायांवर उभी राहिली, आकाशाला नाक लावलं, उलटी झाली, आणि पोट वर करून जलपर्णीखाली गेली. हे मी वाढवलेलं नाही. इथे वाढवायला जागाच नाही.

गर्दी हसली. मी बापूंकडे बघितलं. बापूही हसत होते. "नवं जनावर शे," मिशावाल्यांना सांगत होते, "जरासं उधळनं. त्याना काय दोष?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "धाकला, देखत काय ऱ्हायनास? उतर."

मी उतरलो. इस्त्रीच्या शर्टासकट. मार्गशीर्षातलं पाणी छातीला लागलं. जलपर्णीची देठं हाताला गुळगुळीत, कसलीशी आतडी चाचपावीत तशी. बोट सापडली, आत पाणी भरलेलं, पंखा वाकलेला. मी ती डोक्यावर धरून बाहेर आलो, तर दादानं मोबाइल माझ्यापुढे केला. "एक फोटो काढ रे." बापू खुर्चीत, शेजारी दादा, दादाच्या हातात बोट, गोंडा समोर. मी काढला. तो फोटो आमच्या बैठकीत मोठा करून लावलाय. डाव्या कोपऱ्यात एक पुसट ओला डाग आहे. लोक विचारतात, हे काय? तो माझा अंगठा.

दादा संध्याकाळीच पुण्याला परतला. बोट माळ्यावर गेली. मी दुरुस्त करतो म्हटलं, तर बापू म्हणाले, आता पुढल्या यात्रेला बघू. पुढल्या यात्रेला दादाला सुट्टी नव्हती. त्याच्या पुढच्याला तो परदेशी होता. खाट उन्हात घ्या, खाट सावलीत घ्या.

यंदा वास आला, आणि मी शहाण्यासारखं दाढ धरून बसायचं सोडून माळ्यावर चढलो. मोटार गंजली होती, ती बदलली. सांगाडा नवा, लांब घेतला; लाल रंग आणि पांढरा पट्टा मीच दिला. आता नवीन सोय निघाली आहे. बोट उलटली की एका कुशीत पाणी भरतं आणि ती आपली आपण सुलटी होते. मी ते बायकोला कौतुकानं दाखवलं. ती म्हणाली, "बरी शे बोट. तुमले कव्हय बसाडतस हाई सोय?" ठोकळा नवा केला, खुर्चीला बसवला, चाकाला तेल दिलं. बापूंनी स्वतःहून गोंडा मागितला. पुन्हा दातांत दोरा, पुन्हा माझं बोट. विलास येतो म्हणालाय, असं त्यांनी टपरीपर्यंत सगळ्यांना कळवलं होतं.

काल दुपारी काठ भरला होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण तेच लोक. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलो, बॅटरी जोडली, बोट सोडायच्या तयारीत धरली. तेवढ्यात बापूंच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला. दादाचा आवाज मला पाण्यापर्यंत ऐकू येत होता, मीटिंग, अचानक, पुढच्या वर्षी नक्की.

बापूंनी फोन खाली ठेवला. गर्दीकडे बघितलं. ठोकळ्यावरच्या रिमोटकडे बघितलं, आणि उजव्या हातानं गोंड्याची गाठ सोडायला लागले.

मी पाण्यात उभा होतो. बोट माझ्या दोन्ही हातांत होती.

"ऱ्हाऊ दे मंग," बापू म्हणाले. "काढी ले बाहेर. चालवी कोन?"